काल्पनिक वाळवंटी झुडपाला खरी चव कशी द्यायची?

कराडच्या एका लेखिकेनं विचारलं आहे: "मी एक दीर्घकथा लिहितेय, ती एका कल्पित वाळवंटात घडते. तिथले लोक 'सुवर्णगंधा' नावाच्या झुडपाची पानं स्वयंपाकात मसाला म्हणून वापरतात. ज्यांनी वाचलं ते म्हणतात, बाकी सगळं पटतं, झाड तेवढं खोटं वाटतं. काय चुकतंय? आपल्या माणदेशातली झाडं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं तर चालेल का?" सोबत त्यांनी दोन पानं पाठवली आहेत. एका पानात नजर पोचेल तिथपर्यंत सोनेरी फुलांनी भरलेली झुडपं आहेत. दुसऱ्यात एक आजी मूठभर पानं तोडून उकळत्या भांड्यात टाकते आणि घमघमाट सुटतो.

मी सांगलीत एकतीस वर्षं मसाले करते आणि विकते. माहेर आटपाडी तालुक्यातलं, त्यामुळे कमी पावसाची झाडं लहानपणापासून पायाखालची. तुमची दोन्ही पानं मी तीनदा वाचली. भाषा छान आहे. अडचण अशी की तुमच्या झुडपाला कसलाच त्रास नाही. ऊन त्याला जाळत नाही, शेळी त्याला खात नाही, आणि माणसालाही ते काही कष्ट न देता चव देऊन मोकळं होतं. अशी चव कुठल्याच झाडात नसते. पानातला वास, बियांचा झणका, डिंकाचा उग्रपणा हे झाडानं आपल्या भाजीसाठी केलेलं नसतं. किडा, बकरी, बुरशी, ऊन यांच्यापासून जीव वाचवायला ते केलेलं असतं. तेव्हा चव ठरवायच्या आधी तुमच्या झुडपाला कोण छळतं ते ठरवा. चव त्यातून आपोआप निघेल.

माणदेशाचं आधी सांगते. झाडं जरूर बघा, पण माणदेश म्हणजे वाळवंट नव्हे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. हा फरक मोठाच, पण वाळवंट म्हणायला साधारण अडीचशेच्या खाली यावं लागतं. आमच्याकडे हिवर, बाभूळ, बोर, तरवड ही झाडं एकमेकांना चिकटून उभी राहू शकतात. वाळवंटात ते परवडत नाही. तिथं प्रत्येक झुडूप आपल्या मुळांपुरती जमीन धरून बसतं, दोन झुडपांमध्ये मोकळी जागा असते, आणि थोडी दाटी दिसलीच तर ती कोरड्या ओढ्याच्या काठानं दिसते. म्हणून क्षितिजापर्यंत पसरलेली सोनेरी फुलं काढून टाका. फुलं हवीतच तर पावसानंतरचे आठ दिवस ठेवा, आणि ते आठ दिवस गावाला वर्षभर आठवावेत असं लिहा.

आता चवीकडे येते, इथं जरा रेंगाळू द्या. रखरखीत जागच्या झाडांच्या चवीची मला दोन मोठी घराणी दिसतात, आणि दोन्हींचा स्वयंपाक अगदी वेगळा असतो.

पहिलं तेलाचं. पानावरच्या बारीक गाठींत किंवा लवेत उडून जाणारं तेल साठलेलं असतं. पान चुरगाळलं की हाताला वास येतो, तो त्या गाठी फुटल्यामुळे. आपला ओवा घ्या. ओव्याचा वास ज्या थायमॉलमुळे येतो, तेच थायमॉल भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या टेकड्यांवरच्या थाइम या झुडपात असतं. दक्षिण फ्रान्समध्ये मोंपेलिए शहराच्या उत्तरेला थाइमवर फार सुंदर काम झालेलं आहे. तिथं एक खोलगट भाग आहे, हिवाळ्यात त्यात गार हवा साचते. त्या भागातलं थाइम सौम्य वासाचं. वरच्या उबदार, कोरड्या उतारावरचं मात्र थायमॉल आणि त्याच्याच जातीच्या कार्व्हाक्रॉलचं, झोंबणारं. झाड एकच, दोन-चार किलोमीटरचं अंतर, आणि वास निराळा. तुमच्या कथेत हे किती कामी येईल बघा: दरीतल्या लोकांची पानं आणि टेकडीवरच्या लोकांची पानं वेगळी, आणि दोघांनाही आपलीच खरी वाटतात. आमच्याकडे ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीवरून घराघरांत असंच चालतं.

दुसरं घराणं मोहरीचं. यात पानाला नुसता वास नसतो. पेशींच्या एका कप्प्यात एक पदार्थ, दुसऱ्या कप्प्यात त्याला फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम. किड्यानं चावलं किंवा आपण वाटलं की दोन्ही एकत्र येतात आणि झणका तयार होतो. आपण मोहरी फेसतो तेव्हा हेच होतं. पाणी घालून वाटत राहिलं की नाकात जाते, आणि तीच मोहरी तडतडत्या तेलात टाकली तर नाकात जात नाही, खमंग होते, कारण उष्णतेनं विकर मरतं. लसणाचं कामही याच जातीचं आहे, रसायन वेगळं. वाळवंटात या घराण्याची खरी झाडं आहेत. पीलूच्या पानाला आणि फळाला मोहरीसारखा झणका असतो, त्याच्याच काड्या मिसवाक म्हणून दात घासायला वापरतात. केपर या काटेरी झुडपाच्या कळ्या मिठात मुरवल्या की हाच झणका उतरतो. त्याचाच भाऊबंद म्हणजे आपल्या माळावरची नेपती. राजस्थानात तिला केर म्हणतात, आणि तिची कडू हिरवी फळं खारट पाण्यात किंवा ताकात काही दिवस भिजवून कडूपणा काढतात. मग ती शमीच्या शेंगांबरोबर शिजतात. तीच केर-सांगरी.

म्हणून तुमच्या आजीनं मूठभर पानं उकळत्या पाण्यात टाकली हे वाचताना मला चुटपुट लागली. झुडूप पहिल्या घराण्यातलं असेल तर घमघमाट सुटेल हे खरं, पण तो भांड्यातून निघून चाललेला वास आहे. खोलीभर वास पसरला म्हणजे तेवढा कालवणातून गेला. शिवाय ही तेलं पाण्यात नीट उतरत नाहीत, त्यांना चरबी लागते, आपली फोडणी त्यासाठीच असते. झुडूप दुसऱ्या घराण्यातलं असेल तर उकळत्या पाण्यात ते मुकंच राहील. आजीला काम द्या. तिनं पानं गार दगडावर वाटावीत, झाकून ठेवावीत, थांबावं. किती थांबायचं ते तिलाच कळतं, सुनेला नाही. या एका थांबण्यात पात्र उभं राहतं.

तुम्हाला अभ्यासासाठी एकच खरी वनस्पती निवडायची असेल तर हिंग निवडा. हिंग हे झुडूप नाही, दरसाली जमिनीतून नवा पाला येणारी वनस्पती आहे, पण रूक्ष देशातली चव कशी मिळवावी लागते ते तिच्याइतकं कुणी शिकवत नाही. इराण-अफगाणिस्तानच्या कोरड्या डोंगरउतारांवर ती वाढते. चार-पाच वर्षं मूळ जाड होत जातं, मांडीएवढं. मग फुलोरा येण्याच्या सुमाराला माती उकरून मुळाचा माथा उघडा करतात आणि कापतात. दुधासारखा चीक येतो. त्यावर ऊन पडू नये म्हणून झाकतात, काही दिवसांनी खरवडून घेतात, पुन्हा पातळ काप मारतात. असं महिना-दोन महिने, मूळ रिकामं होईपर्यंत. मग ते झाड संपलं. म्हणजे आपल्या वरणातली चिमूट ही एका झाडाच्या चार-पाच वर्षांच्या जगण्यातली असते. इतका हिंग खाणाऱ्या भारतात तो पिकत नव्हता. हिमाचलमधल्या पालमपूरच्या संशोधन संस्थेनं लाहौल खोऱ्यातल्या क्वारिंग गावी पहिलं रोप लावलं ते 15 ऑक्टोबर 2020 ला. कच्चा हिंग इतका उग्र असतो की दुकानात येतो तो बहुतेक मैदा आणि डिंकात बांधलेला, त्याला आम्ही बांधानी हिंग म्हणतो. पहिल्यांदा कच्च्या हिंगाचा डबा उघडला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि तोच हिंग गरम तुपात पडला की कांदा-लसणासारखा मऊ होतो. तुमच्या झुडपाला असं एखादं रूपांतर हवं. कच्चं असताना ते कुणाला आवडू नये.

हिंगाला एक हरवलेली बहीण आहे, तिची गोष्ट तुमच्या कथेच्या फार जवळची आहे. आजच्या लिबियाच्या किनाऱ्याला सायरीनी नावाचं ग्रीक शहर होतं. त्याच्या आसपासच्या कोरड्या पट्ट्यात सिल्फियम उगवायचं. त्याचा चीक ग्रीक आणि रोमन स्वयंपाकात चांदीच्या तोलानं जायचा. शहरानं त्याचं चित्र नाण्यांवर पाडलं. पण ते शेतात लावून येत नव्हतं, रानातच यायचं. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी लिहितो की आपल्या आठवणीत एकच काडी सापडली आणि ती नीरो बादशहाला पाठवली. कारणही तो देतो: कुरणं मक्त्यानं घेणाऱ्यांनी तिथं मेंढरं घातली, कारण त्यात नफा जास्त होता. मेंढरं ते आवडीनं खायची आणि त्यांचं मटण चवदार व्हायचं. सिल्फियम संपलं आणि त्याच्या जागी लोकांनी पूर्वेकडचा हिंग वापरायला सुरुवात केली.

मेंढरांचं हे वाक्य वाचलं तेव्हा मी बराच वेळ जतकडच्या माडग्याळी मेंढरांचा विचार करत होते. आमच्या भागात जाणता माणूस मटणाचा पहिला घास घेतल्यावर मेंढरू कुठल्या माळावर चरलं ते सांगायचा प्रयत्न करतो. त्यात तथ्य आहे, चाऱ्यातले वास चरबीत उतरतात. ऑस्ट्रेलियात खारट पानांच्या सॉल्टबुश झुडपावर वाढवलेल्या मेंढ्यांचं मांस त्या नावानं वेगळं विकलं जातं. म्हणजे झुडपाची चव जेवणात येण्याची आणखी एक वाट आहे: पान कुणी भांड्यात टाकायलाच नको, मेंढरानं खाल्लं की झालं. तुमच्या कथेतल्या गरिबाला मसाला विकत घेणं परवडत नसेल, तर त्याच्या ताटात तो असा पोचू द्या.

आता तुमचं झुडूप बांधून बघू. मी बांधलं असतं तर असं: गुडघ्याएवढी उंची, फांद्या राखाडी. पान कडीपत्त्याच्या पानाहून बारीक, जाड, कडा आत वळलेल्या, खालून पांढरट लव. ही लव आणि वळलेली कड पाणी राखण्यासाठी. वरच्या अंगाला चिकट राळ, उन्हात चकाकणारी. अमेरिकेतल्या मोहावी आणि सोनोरा वाळवंटात क्रिओसोट नावाचं झुडूप आहे, त्याच्या पानावर अशीच राळ असते, आणि पाऊस आला की अख्ख्या वाळवंटाला त्याच राळेचा वास येतो. तुमच्या लोकांसाठी पावसाचा वास आणि जेवणाचा वास एकच असू शकेल. मला तर ही कल्पना फार आवडली आहे, हवी तर घ्या.

नाव मात्र बदला. 'सुवर्णगंधा' हे दरबारातल्या कवीनं दिलेलं नाव आहे. मेंढक्याच्या तोंडात ते बसत नाही. रानातली नावं बघा: घाणेरी, खाजकुइली, लाजाळू. झाड काय करतं, कसं वास मारतं, ते नावात येतं. मी याला 'धुरटी' म्हटलं असतं, कारण पान चोळलं की विझलेल्या चुलीचा वास येतो. सुवर्णगंधा हे नाव व्यापाऱ्यानं शहरात विकताना दिलं असं दाखवा. दोन्ही नावं राहतील आणि त्यातून कुणाचं झाड, कुणाचा नफा हेही कळेल.

धुरटीची राळ पाण्यात उतरत नाही. मग स्वयंपाक कसा? तिथं सरपणच कमी, तेव्हा तासभर रटरटणारं कालवण विसरा. भाकरी निखाऱ्याच्या राखेत पुरून भाजतील. इराण-अफगाणिस्तानकडे शेपटीत चरबी साठवणाऱ्या मेंढ्या असतात, तशी चरबी वितळवून तिच्यात पानं मंद तापवतील, गाळून चामड्याच्या बुधल्यात भरतील. पानं काढल्यावर उरलेल्या काड्या त्याच चुलीत जातील आणि त्यांचा धूर भाकरीत उतरेल. आपण धुंगार देतो तसा, फक्त इथं तो मुद्दाम द्यावा लागणार नाही. आमच्या कांदा-लसूण मसाल्यातलं दगडफूल आठवा. ते झाड नाहीच, शैवाल आणि बुरशी यांची एकत्र वस्ती आहे. हातात घेतलं तर कोरड्या कागदासारखं, वास जेमतेम. गरम तेलात पडलं की मसाल्याला बुडाशी जो धुरकट खोलपणा येतो तो त्याचा. नव्या मुली शिकायला येतात त्या हमखास दगडफूल जास्त घालतात आणि मसाला मातकट करतात. धुरटीचंही तसंच असू द्या: चिमूटभरानं जेवण उभं राहतं, मुठीनं कडू होतं. तुमच्या आजीच्या हातात मूठ आहे, ती चिमूट करा.

झाडाला एखादी खोडही ठेवा. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात वांग्या-टोमॅटोच्या कुळातलं एक झुडूप आहे, तिकडे त्याला वाळवंटी बेदाणा म्हणतात. फळ हिरवं असताना विषारी. पिकून झाडावरच वाळलं की खारीक आणि करपलेल्या साखरेसारखी चव येते. मूळच्या रहिवासी बायका ते वाटून गोळे करून ठेवत. कधी तोडायचं हे ज्ञान तिथं मसाल्याइतकंच मोलाचं. धुरटीलाही हंगाम द्या. पाऊस पडल्यावर आलेली पालवी मोठी, लुसलुशीत आणि फिकी असेल. तीच पानं दोन-तीन महिने उन्हात होरपळली की राळ दाट होते. फुलं यायच्या आधी, पहाटे, ऊन चढण्याआधी तोडायची. म्हणजे चांगल्या पावसाच्या वर्षी पानं भरपूर पण चव पातळ, आणि दुष्काळात चव कडक पण पानं मोजकी. मिरचीत आम्ही हे पाहतो, पाण्यावर पोसलेल्या मिरचीपेक्षा जिरायती मिरची बहुधा जास्त तिखट निघते. दुष्काळातल्या जेवणाला सगळ्यात चांगली चव असते ही गोष्ट तुमच्या पात्रांना ठाऊक असेल, आणि ती बोलून दाखवायला त्यांना जड जाईल.

वाळवणाचं एक सांगायलाच हवं, कारण त्यात मी स्वतः पोळले आहे. धंद्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात घाईनं सगळा मसाला वेगवान गिरणीवर दळून घेतला. पोत्यात हात घातला तर चटका बसत होता. तसाच पिशव्यांत भरून बंद केला. तीन आठवड्यांत गिऱ्हाइकं परत आली, रंग होता, वास नव्हता. त्या उष्णतेनं तेलं उडाली होती आणि वाफ धरून मसाला ओलावला होता. तेव्हापासून कांडपावर थोडं थोडं कुटून घेते, पसरून पूर्ण गार करते आणि मगच भरते. तुमचे लोकही पानं सावलीत वाळवतील. वाळवंटात सावली हीच महाग गोष्ट, तेव्हा वाळवणाची जागा कुणाच्या मालकीची यावर अख्खं प्रकरण लिहिता येईल. साठवणीला पेव द्या. आमच्या सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली, तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या महापुरात त्यातली बहुतेक गेली. कोरड्या देशातलं पेव पुरानं भरतं तेव्हा काय होतं, ते मी लिहायची गरज नाही.

व्यापार थोडक्यात सांगते. उंटावर लांब जाणारा माल हलका, टिकाऊ आणि महाग असावा लागतो, म्हणून पानं नाहीत, राळ जाईल. महाग माल आला की भेसळ आलीच. हिंगात पीठ, केशरात रंगवलेले तंतू. धुरटीच्या राळेत डिंक आणि चुलीची काजळी. खरी कशी ओळखायची याची एखादी घरगुती परीक्षा तुमच्या व्यापाऱ्याला द्या: निखाऱ्यावर कण टाकला तर खरी वितळून उकळते, खोटी तडतडते.

आणि तोडणीला मर्यादा हवी. आपल्या देशातला गुग्गुळ राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागातला. जास्त डिंक निघावा म्हणून खोल घाव घातले की झुडूप वाळून जातं, आणि त्या हव्यासापायी गुग्गुळ आज नाहीसा होण्याच्या टोकाला आला आहे. वाळवंटातलं झुडूप बोटभर वाढायला वर्ष घेतं. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यावर जगले, त्यांच्याकडे रीत असणारच: एका झुडपाची एकच बाजू तोडायची, पोटुशी मेंढी चरते त्या ओढ्याला हात लावायचा नाही, असं काहीतरी. ती रीत कोण मोडतं, तिथून तुमची कथा पुढे सरकेल असं मला वाटतं.

आजीचा प्रसंग मी असा वाचेन: ती पहाटे दोन झुडपं सोडून तिसऱ्याची चार पानं घेते, चरबी तापवते, पानं टाकते आणि लगेच झाकण ठेवते. घरात वास येत नाही. नात विचारते, अजून वास का नाही आला? आजी झाकणावरचा हात काढत नाही.